शिशाची अक्षरं

एक्स-रे काढणाऱ्याने स्वतःच्या बायकोचा फोटो काढू नये, असा काही नियम नाही. असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे बऱ्याचदा वाटलं. पण त्या सकाळी तो खुशीत होता. दवाखाना उघडायला अवकाश होता, झाडूवाली अजून जिना पुसत होती, आणि त्याने बायकोला यंत्रापुढे उभं केलं होतं.

"हनुवटी वर. खांदे पुढे. अजून पुढे. अगं, मिठी मारल्यासारखे हात लाव त्याला."

"तुमच्यादेखत?" ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसलेली तिची धाकटी बहीण फिदीफिदी हसली.

"श्वास घ्या. धरून ठेवा," तो आडोशामागून म्हणाला. यंत्राच्या खोलीत तो सगळ्यांना अहो-जाहो करायचा, तोंडात तेच बसलेलं होतं. खट्ट आवाज झाला. "सोडा."

बायको परदेशी निघाली होती. डॉक्टरेट करायला. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती शिकवायची. ही मुलं बोलायला शिकतात तेव्हा त्यांना शब्दांच्या आधी श्वास शिकवावा लागतो. कारण ती एका शब्दालाच सगळा श्वास संपवतात, दुसऱ्याला काही उरत नाही. ती मुलांच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि ती किती हलते ते बघायची. त्यावरच तिला पुढचा अभ्यास करायचा होता, आणि तो शिकवणारं विद्यापीठ समुद्रापलीकडे होतं.

हे खूळ नवीन नव्हतं. पदवी झाली तेव्हाच तिला तिथली जागा मिळाली होती. वडील म्हणाले, आधी लग्न, मग काय ते नवऱ्याला विचार. लग्न झालं तर सासू अंथरुणाला खिळली. तिला उठवून बसती करेपर्यंत ही तिशी ओलांडून गेली. मग हिने पुन्हा पुस्तकं काढली. परक्या भाषेची परीक्षा होती, तर नवरा जेवायला बसला की ही त्याच्यासमोर बसून ती भाषा बोलायची. तो माना डोलवायचा.

"तुम्हाला काही कळतंय का?"

"नाही. पण तू बरोबर बोलतेयस."

सासू आतून ओरडायची, "बहिऱ्यांना शिकवायला परदेशात कशाला जायला पाहिजे? या घरात माझं कोणी ऐकत नाही, इथेच सुरू कर की!" कधी रागात असली की म्हणायची, "घरात पाळणा हलला नाही, आता हिचं विमान हलणार." त्यावर बायको पुस्तकाचं पान उलटायची, जरा जोरात.

अखेर शिष्यवृत्ती मिळाली. वयाच्या अटीत ती जेमतेम बसली होती. पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा करता आला नसता. आता राहिली होती फक्त प्रकृतीची तपासणी. ती करायला त्या देशाच्या कचेरीने जे मोजके दवाखाने ठरवून दिले होते, त्यात याचा दवाखाना होता. फोटो काढणारा हाच, आणि पासपोर्टावरचा चेहरा समोरच्या माणसाशी ताडून बघणाराही हाच.

त्याच्याकडे शिशाच्या अक्षरांचा एक डबा होता. फोटो काढण्याआधी फिल्मच्या चौकटीवर पेशंटचं नाव त्या अक्षरांनी मांडायचं. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून नाव छातीच्या चित्राबरोबरच फिल्ममध्ये उमटतं. शाईने लिहिलेलं खोडता येतं, हे खोडता येत नाही. म्हणूनच कचेरीला असलाच फोटो लागायचा. आणि इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकाचं नाव दुसऱ्याच्या छातीवर गेलं नव्हतं. मोठे डॉक्टर चारचौघांत सांगायचे, "आमचा फोटोवाला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

तर त्या सकाळी त्याने बायकोचं नाव मांडून फोटो काढला आणि चौकट घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला. लाल दिव्याखाली फिल्म पाण्यातून काढली, निथळू दिली, आणि उजेडाच्या पेटीवर लावली.

उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, एक डाग होता. वाटाण्याएवढा.

त्याने पेटीची काच पुसली. डाग काचेवर नव्हता. फिल्म फिरवून पाहिली, मग पुन्हा सरळ केली. असे डाग त्याने आयुष्यात ढिगाने पाहिले होते. जुन्या आजाराचा व्रण असला तर त्याची कड सुरीने कापल्यासारखी येते आणि रंग खडूसारखा पांढरा. या डागाची कड पिंजल्यासारखी होती. थोडीशीच, पण होती.

तो बाहेर आला. दोघी बहिणी बाकावर बसून कसल्यातरी गोष्टीवर हसत होत्या. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. बहिऱ्या मुलांत आयुष्य काढलेली बाई ती, चेहरा वाचायला तिला शब्द लागत नसत.

"काय झालं?"

"वरच्या बाजूला डाग आहे. लहानपणी तुला छातीचं दुखणं झालं होतं ना? त्याचा व्रण राहतो कधीकधी."

"मग तसं डॉक्टरांना सांगा."

"सांगून भागत नाही. डाग दिसला की थुंकी तपासायला जाते. पुन्हा पुन्हा जाते. मग काही महिने थांबून परत फोटो. डाग होता तेवढाच राहिला तर सही."

"काही महिने?" ती म्हणाली. "तिकडे वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतायत."

"पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी काय? पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. तुम्हाला माहीत आहे."

धाकटी एकदा ताईकडे बघत होती, एकदा भाऊजींकडे.

"जुनाच आहे ना तो?" बायकोने विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक नको. इतकी वर्षं तुम्ही हेच बघताय. मोठे डॉक्टरसुद्धा अडलं की तुम्हाला विचारतात. हो का नाही, एवढंच सांगा."

तिचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट धरलेले. त्याला एकदम आठवलं, लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याला ते विद्यापीठाचं जुनं पत्र दाखवलं होतं, तेव्हाही तिचे हात असेच होते. तेव्हा तो म्हणाला होता, बघू.

"हो," तो म्हणाला. "जुनाच आहे."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "तुझी छाती कशी आहे गं?"

धाकटीला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिने तोंडावर हात नेला आणि हात काढला तेव्हा ती पुन्हा हसत होती. दोघी दिसायला सारख्या, बांधाही सारखा. "चला," ती उठून म्हणाली, "माझी फुप्फुसं तरी विमानात बसतील. मी मेली इथेच."

त्याने डब्यातून तीच अक्षरं पुन्हा काढली. बायकोचं नाव मांडलं आणि धाकटीला यंत्रापुढे उभं केलं. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." दुपारी मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "वा! काचेसारखी स्वच्छ," म्हणाले आणि सही ठोकली. "बायकोची आहे म्हणून जास्त नीट काढलीस की काय रे?"

तो हसला. हसावं लागलं.

खरी फिल्म फेकून द्यायला त्याचा हात धजावला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने ती घरी कपाटाच्या डोक्यावर ठेवली. बायकोला ते माहीत होतं. एकदा धूळ झटकताना तिने ती उचलली, खाली पुसलं आणि परत तिथेच ठेवली.

विमानतळावर काचेपलीकडून तिने दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले. शाळेतल्या मुलांची ती खूण होती. काम संपलं, झालं, असा तिचा अर्थ. आता तर सुरुवात आहे, झालं कसलं, असं त्याला वाटलं, पण काचेतून सांगणार कसं? त्यानेही तळवे झटकले.

रविवारी तिचा फोन यायचा. माळ्यावरची खोली, उतरतं छप्पर, उठताना रोज डोकं आपटतं. खोलीत गरम हवेची नळी आहे, ती रात्रभर ठोकाठोकी करते. वर्गात सगळे तिच्याहून लहान, पहिले काही दिवस तिला प्राध्यापक समजून उभे राहायचे. "आता कळलं त्यांना," ती म्हणायची. "आता मी आले तरी पाय पसरून बसतात." पहिल्या वर्षी तिचं टिपण मार्गदर्शक बाईंनी दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा ठेवून घेतलं. त्या रविवारी ती इतकी बोलली, की सासूने फोन हातात घेऊन विचारलं, "तिकडे बोलायला पैसे पडत नाहीत का गं?" आणि फोन नवऱ्याच्या हातात देताना पुटपुटली, "आवाज खुशीत आहे. असू दे."

तिसऱ्या हिवाळ्यात फोनवर मध्येच शांतता पडायला लागली. ती बोलता बोलता थांबायची. मग पुन्हा सुरू व्हायची, जणू काही झालंच नाही. पण त्याचा धंदाच श्वासाचा. ती फोनच्या तोंडावर हात ठेवून खोकते, हे त्याने दुसऱ्याच वेळी ओळखलं.

"किती दिवस झाले खोकल्याला?"

"थंडी आहे हो इकडे."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. फोटोही काढला. सोबत आणलेला जुना फोटो शेजारी लावून बघितला त्यांनी. म्हणाले, तेव्हा छाती साफ होती, म्हणजे हे अलीकडचं आहे, जंतूंचं. औषध दिलंय. उतरेल म्हणाले."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून पाहिलं आणि परत आत घेतलं.

"अगं, तो फोटो तुझा नाही."

"माहीत आहे."

"ते चुकीच्या फोटोवरून औषध देतायत तुला. त्यांना खरा दाखवायला पाहिजे. खरा बघितला की त्यांना कळेल, डाग आधीपासून आहे, आणि वाढलाय."

"आणि काय सांगू? की मी बहिणीच्या छातीवर या देशात आले? दुसऱ्या दिवशी घालवतील मला." तिचा श्वास पुरत नव्हता, वाक्यं तुटत होती. "शेवटचं प्रकरण राहिलंय. उन्हाळ्यात तोंडी परीक्षा आहे. ती झाली की मी स्वतः दाखवते."

"उन्हाळा लांब आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात, जुना आहे. जुन्या डागाला काय घाई?"

फोन ठेवल्यावर त्याने कपाटाच्या डोक्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटावरून फिल्म काढली. दोन पुठ्ठ्यांत घालून पाकीट केलं आणि टपाल कचेरीत गेला. तिथे उभ्याने पत्ता लिहायचा होता. तिला बघणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता तिने कधीतरी सांगितलेला त्याच्या खिशात होता. तो लिहिला असता तर पाकीट थेट त्यांच्या टेबलावर गेलं असतं आणि तिचं विद्यापीठ त्या दिवशी संपलं असतं. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "काका, लिहा की. का मुहूर्त बघताय?"

त्याने माळ्यावरच्या खोलीचा पत्ता लिहिला. तिच्या नावाने.

निम्मं धाडस केलं, असं धाकटी त्याला पुढे म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिचे टोमणे तोवर संपले होते. ताईच्या खोकल्याचं कळल्यापासून ती स्वतः खोकली तरी दचकायची.

पाकीट मिळालं, असं बायकोने रविवारी सांगितलं. उघडलंस का, असं त्याने विचारलं, तर तिने मार्गदर्शक बाईंची गोष्ट सुरू केली. मग वसंत गेला. तिचे फोन आखूड होत गेले. ती आता लिहून ठेवून बोलायची बहुधा, कारण एकही शब्द वाया जात नसे. परीक्षेच्या दिवशी तिने फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दिली त्यांनी." आणि मग खोकली, आणि या वेळी फोनवर हात ठेवला नाही. तो सगळं ऐकत राहिला.

त्यानंतरच्या सकाळी तिने पाकीट फोडलं आणि फिल्म डॉक्टरांच्या हातात दिली. ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघत होते म्हणे. एकच नाव, दोन छात्या. मग त्यांनी विचारलं, "यातल्या तुम्ही कोणत्या?" तिने दाखवलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, हे हिवाळ्यात हातात असतं तर गाठ कापून काढायचा प्रयत्न केला असता. आता सगळीकडे गेलंय. कचेरीला कळवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्याची गरज उरली नव्हती.

ती घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. विमान कंपनीची बाई ढकलत होती. त्याने आधी खुर्चीकडे पाहिलंच नाही, तो मागे चालत येणाऱ्यांत तिला शोधत होता. मग खुर्चीतल्या बाईने दोन्ही तळवे उचलले आणि एकमेकांवर झटकले. झालं.

सासूने पाणी तापवलं, तिचे पाय परातीत घेतले आणि चोळत बसली. "काय दिवे लावले सांग तरी," असं ती एकदा पुटपुटली, पण तिचा आवाज फुटला, आणि सून हसली. हसल्यावर खोकली.

एका दुपारी दोघंच घरात असताना ती त्याला म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

तो खिडकीचा पडदा सारखा करत होता. "शंका होती."

"मला पण."

त्याने वळून पाहिलं.

"तोंडाने तुम्ही हो म्हणालात," ती थांबत थांबत म्हणाली. "चेहरा नाही म्हणत होता. मी चेहरेच वाचते हो. दुसरं काय येतं मला."

"आणि तरी गेलीस?"

"गेले."

"मग मला कशाला विचारलंस?" त्याचा आवाज चढला. इतक्या महिन्यांचं सगळं त्यात आलं. "कशाला माझ्या तोंडून काढून घेतलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर राहावं लागलं असतं. राहिले असते मी. आणि मग तुमच्याशी आयुष्यभर नीट बोलले नसते." तिने श्वास गोळा केला. "ते बरं झालं असतं का?"

त्याला म्हणायचं होतं, हो. तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नसतीस तरी चाललं असतं. घरात नुसती पान उलटत बसली असतीस तरी चाललं असतं. पण तिच्या उशाशी पदवीपत्राची निळी गुंडाळी होती, तिला ती दिवसातून कितीदा तरी हात लावून बघायची, आणि त्याला ते म्हणता आलं नाही. त्याने पडदा पुन्हा सारखा केला.

मोठ्या डॉक्टरांना इलाज ठरवायला, म्हणजे दुखणं किती कमी करता येईल ते ठरवायला, नवा फोटो हवा होता. धाकटीने तिला दवाखान्यात आणलं. ती बाकावर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

त्याने डबा उघडला. बायको खुर्चीतून बघत होती. तो नाव मांडत होता तेवढ्यात ती म्हणाली, "आता माझ्याच छातीवर ना?"

"हो."

"मग पूर्ण मांडा. पुढचं विसरलात."

त्याला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. डब्यात ती अक्षरं होती, पण दवाखान्यात पेशंटच्या नावाआधी डॉक्टर लावायची पाळी कधी आली नव्हती. 'डी' आणि 'आर' ही दोन अक्षरं त्याने बाहीला पुसली आणि नावाच्या पुढे ठेवली. जागा कमी पडली, म्हणून सगळं नाव थोडं थोडं सरकवावं लागलं. ती शांतपणे बघत होती, शाळेत मुलाचं अक्षर बघावं तशी.

धाकटीने तिला यंत्रापुढे उभं केलं, हात यंत्राभोवती घालून दिले आणि बाहेर गेली.

"श्वास घ्या," तो आडोशामागून म्हणाला. "धरून ठेवा."

खट्ट आवाज झाला.

पुढचा शब्द त्याच्या घशातून येईना. दिवसभर जो शब्द म्हणण्यात आयुष्य गेलं, तो येईना. शिशाच्या काचेतून त्याला तिची पाठ दिसत होती, ओढणीसारखी बारीक झालेली, आणि तिने खरोखरच श्वास धरून ठेवला होता.

"अहो," ती शेवटी कशीबशी म्हणाली, "सोडू का?"

"सोडा," तो म्हणाला.

फिल्म पाण्यातून काढली तेव्हा छातीचं चित्र हललेलं आलं होतं. तेवढा वेळ तिला धरवलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, पुन्हा काढ. तो म्हणाला, नको. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फिल्मवरचं नाव वाचलं, आणि पुन्हा काढ असं म्हणाले नाहीत.

नाव मात्र स्वच्छ आलं होतं. त्याने फिल्म वाळत लावली, शिशाची अक्षरं एकेक करून डब्यातल्या आपापल्या खणात ठेवली, आणि बाहेर जाऊन तिच्याशेजारी बाकावर बसला.